शेपटाच्या चार ओळी

त्याला कचेरीत सगळे कात्री म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. आणि त्याला ते आवडायचं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सांजदैनिकाच्या डेस्कवर एकोणीस वर्षं एकाच खुर्चीत बसलेल्या उपसंपादकाला दुसरी कुठली पदवी मिळणार होती? बातमीदार लिहायचे पसाभर, पानावर जागा असायची चिमूटभर, आणि या दोघांच्या मध्ये हा. दुपारी बाराला पान सोडायचं, म्हणजे छपाईला धाडायचं. बाराचे बारा पाच झाले असं एकोणीस वर्षांत दोनदाच घडलं होतं. त्यातल्या एकदा वीज गेली होती.

कापण्याचा त्याचा नियम साधा होता. बातमी कापायची ती शेपटाकडून. महत्त्वाचं ते वर, बिनमहत्त्वाचं ते खाली, असंच बातमी लिहायला शिकवतात, तेव्हा खालचं गेलं तर कुणाचं काय गेलं? "शेपूट वाचायचं नसतं, कापायचं असतं," असं तो डेस्कवर नव्याने आलेल्या प्रत्येकाला सांगायचा आणि वर स्वतःच हसायचा. फोटोलाही तोच न्याय. वरून कापला तर डोकी जातात, खालून कापला तर पाय जातात, आणि लोकांच्या पायांकडे बघतो कोण.

त्या मंगळवारी अकरा चाळीसला जाहिरात विभागाचा माणूस दारात येऊन उभा राहिला. गाद्यांच्या दुकानाची पाव पान जाहिरात होती. दोन गाद्या घ्या, दोन उश्या न्या. "आत्ताच आलीये, तिसऱ्या पानावर बसवा," एवढं म्हणून तो गेला. असल्या माणसांना कधी घाम फुटत नाही, तो डेस्कवाल्यांना फुटतो.

तिसऱ्या पानावर एका मोठ्या रुग्णालयाची बातमी लागली होती. अर्धांगाने पडलेल्या एका म्हातारीला तिचा भाचा भेटायला गेला. म्हातारी "पाणी, पाणी" करत होती. उशाशी भिंतीवर पाटी होती, 'पाणी देऊ नये'. भाच्याने फोटो काढला आणि तडक बातमीदार बाईंना गाठलं. तहानलेल्या माणसाला घोटभर पाणी नाकारणारं हे कसलं रुग्णालय, असं त्याचं म्हणणं. बातमी चार ओळी जास्त होत होती. कात्रीने खालच्या चार ओळी निवडल्या आणि उडवल्या. फोटो बोटभर उंच होत होता, तो खालून कापला. मग वर हेडिंग टाकलं: 'पाणी देऊ नये!' आणि त्याखाली, 'रुग्णशय्येवर वृद्धेची घोटासाठी तडफड'. तडफड हा शब्द बाईंच्या मजकुरात नव्हता, तो ह्याचा. उद्गारचिन्हही ह्याचंच. अकरा छप्पनला पान सुटलं आणि हा चहा घ्यायला उठला.

तीन वाजेपर्यंत त्या पानाचा फोटो गावभर फिरत होता. चार वाजता पान गेलं आणि नुसती बातमी उरली. पाच वाजता बातमी गेली आणि नुसतं हेडिंग नि पाटी उरली. म्हणजे ह्याने कापलेलं लोकांनी आणखी कापलं, आणि जितकं कापलं तितकं ते भराभर पळालं. खाली हजारांनी लोक आपापल्या रागाला वाट करून देत होते. ह्या नर्सला तीन दिवस कोरडं ठेवा. हिच्या घरचं पाणी तोडा. एका गृहस्थाने तर आपण गेल्या वर्षी भलत्याच रुग्णालयात भलत्याच कारणासाठी गेलो असता लिफ्ट कशी बंद होती, ते दीड पान लिहिलं होतं आणि त्यालाही चारशे लोकांनी मान डोलावली होती. कात्रीने हे सगळं घरी येता येता वाचलं. हेडिंग चाललं, असं त्याला वाटलं. खोटं कशाला बोला, बरं वाटलं.

घरी जाण्याआधी तो रोज समोरचं दार वाजवायचा. तिथे ताई राहायची. आईवडिलांमागे हिनेच त्याला वाढवलं, शिकवलं आणि वेळप्रसंगी दोन धपाटेही दिले. आता ती त्याच मोठ्या रुग्णालयात एका वॉर्डाची प्रमुख परिचारिका होती, पण रुग्णालयात वॉर्ड अठ्ठावीस, त्यामुळे सकाळी ती बातमी वाचताना, म्हणजे अर्धी वाचताना, त्याच्या मनाला काही शिवलंही नव्हतं. तो ताईला पेपर नेऊन द्यायचा आणि ताई तो वाचायची, पण तिची रीत उलटी. बातमी ती शेवटून वाचायची. पेशंटचा कागद हातात आला की आधी शेवटची नोंद बघायची, मग मागे जायचं, अशी तीस वर्षांची सवय. कात्री तिला चिडवायचा, की ताई, तुझ्यासारखे वाचक निघाले तर आमची नोकरी जाईल.

त्या दिवशी दार उघडंच होतं. ताई खुर्चीत बसली होती, डोक्याचा रुमालही काढलेला नव्हता.

"ये," ती म्हणाली. "तिसरं पान काढ."

त्याने काढलं.

"ही पाटी बघ नीट."

त्याने बघितली. पाणी देऊ नये. लाल, टपोरं, सरळ अक्षर. 'ऊ'ची शेपटी जरा लांब ओढलेली.

"अक्षर ओळखलं नाहीस?" ताईने विचारलं.

त्याच्या पहिलीपासून दहावीपर्यंतच्या सगळ्या वह्यांवर ह्याच अक्षरात त्याचं नाव होतं. 

"ताई, हा तुझा वॉर्ड?"

"माझाच. त्या पाटीवर खाली दुसरी ओळ आहे. 'तोंडाने. नळीतून चालू आहे.' निळ्या पेनाने लिहिलीये, बारीक. ती कुठे गेली? आणि तुमच्या त्या बातमीदार बाई आल्या होत्या. मी त्यांना अर्धा तास बसवून सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं. आजींना गिळता येत नाही. पाणी तोंडात गेलं की ते घशाखाली न जाता छातीत जातं. नाकातल्या नळीने आम्ही त्यांना दिवसभर पाणी देतो. दर तासाला ओठ ओले करतो. दहा दिवस झाले, बर्फाच्या खड्याएवढ्या ओल्या कापसाने गिळायला शिकवतोय त्यांना. सोमवारी पहिला चमचा द्यायचं ठरलंय. आजी बोटं मोजतायत. त्यांची मुलगी बोटं मोजतेय. हे सगळं मी सांगितलं होतं रे. कुठे गेलं ते?"

इथे ह्या माणसाने सरळ सांगायला हवं होतं. तीन अक्षरी उत्तर होतं, 'कापलं'. त्याच्याआधी 'मी' लावायचा की झालं.

"डेस्कवर कापलं असेल कुणीतरी," तो म्हणाला. "जागा नसते गं."

कुणीतरी. फार सोयीचा शब्द आहे हा. त्याला चेहरा नसतो, खुर्ची नसते आणि समोरच्या दारात राहणारी बहीणही नसते.

ताईने पेपर घडी घालून ठेवला. "सापडला ना तो कुणीतरी," ती म्हणाली, "की त्याला एकदा माझ्या वॉर्डात पाठव. मी रागावणार नाही. नुसतं उभं राहू दे आजींपाशी दहा मिनिटं."

बुधवारी सकाळी तो सगळ्यांच्या आधी कचेरीत पोचला आणि त्याने बाईंचा मूळ मजकूर काढून वाचला. शेवटच्या चार ओळी अशा होत्या: 'अर्धांगामुळे आजींना गिळता येत नाही, तोंडाने दिलेले पाणी फुप्फुसात उतरते. त्यांना नाकातील नळीतून दिवसभर पाणी चालू आहे. त्यांच्या मुलीला हे सारे ठाऊक आहे. सोमवारी आजींना पहिला चमचा पाणी देणार आहोत, असे प्रमुख परिचारिकांनी सांगितले.' चारच ओळी, पण त्या होत्या तर बातमी बातमी राहात नव्हती. भाच्याचा गैरसमज आणि नर्सचं उत्तर, एवढंच उरत होतं. त्याने त्या ओळी कागदावर छापून घेतल्या आणि खिशात ठेवल्या.

बातमीदार बाई आल्या त्या भडकलेल्याच होत्या. "मी सगळं लिहिलं होतं. तुम्ही नेहमीसारखं शेपूट उडवलंत. हेडिंग तुमचं, तडफड तुमची, आणि बातमीवर नाव माझं. शिव्या मला. तुमचं नाव कुठे असतं?"

"ती प्रमुख परिचारिका," तो म्हणाला, "माझी सख्खी बहीण आहे."

बाई समोरच्या खुर्चीत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्यांना सांगितलंत, कुणी कापलं ते?"

त्याने समोरचा कागद उचलला. बाई समजायचं ते समजल्या.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. वृत्तसंपादकांना सगळे साहेब म्हणत. साहेब म्हणाले, "चुकीचं एक अक्षर छापलंय का आपण? पाटी खरी, भाचा खरा, म्हातारी खरी. मग खुलासा कशाचा? रुग्णालयाने लेखी पाठवू दे, बघू." तो रुग्णालयात गेला. तिथल्या अधिकाऱ्यांनी कानांवर हात ठेवले. "चौकशी लावलीये. चौकशी चालू असताना लेखी काही देता येत नाही." चौकशी कधी संपेल? "पेपरात काय काय येतं त्यावर आहे." तो परत साहेबांकडे आला. साहेब म्हणाले, "बघा, चौकशी लावलीये म्हणजे काहीतरी असेलच की." पालथ्या घड्यावर पाणी ओतावं तसं तो दुपारभर बोलत राहिला. मजा अशी, की एकोणीस वर्षं त्यानेही लोकांना ह्याच खुर्चीतून हीच उत्तरं दिली होती, आणि तेव्हा ती त्याला अगदी रास्त वाटत होती.

शेवटी त्याने स्वतःच फोन काढला आणि जिथे सगळ्यात जास्त गलका चालला होता तिथे त्या चार ओळी जशाच्या तशा टाकल्या. मिनिटभरात उत्तरं आली. 'आला सारवासारव करायला.' 'डॉक्टर आहात का? नाही ना, मग गप्प बसा.' 'माझी आजी अर्धांगाने गेली, तिला आम्ही शेवटपर्यंत पाणी पाजत होतो.' ह्या शेवटच्या बिचाऱ्याला आपण काय लिहिलंय ते कळलंही नव्हतं. मग एकाने विचारलं, 'तुमची कोण लागते ती नर्स?'

लाखभर माणसं आंधळ्यासारखी काठ्या मारत होती, आणि नेमका ह्या एकाचा घाव वर्मी बसला. कात्रीने आपल्या चार ओळी पुसून टाकल्या. दुसऱ्यांदा कापल्या म्हणा ना.

गुरुवारी बाटल्या आल्या. कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, की रुग्णालयाच्या फाटकाशी प्रत्येकाने पाण्याची एक बाटली नेऊन ठेवायची. 'माणुसकीचा एक घोट' असं त्याला नावही मिळालं. दहापर्यंत फाटकाच्या दोन्ही बाजूंना बाटल्यांच्या रांगा लागल्या. चांगल्या घरची, चांगल्या मनाची माणसं होती सगळी. बाटली ठेवायची, तिच्यासोबत आपला फोटो काढायचा आणि कामाला जायचं. रुग्णवाहिकेला आत शिरताना दोनदा थांबावं लागलं, कारण बाटल्या बाजूला सारायला पहारेकऱ्याचे हात पुरेनात.

त्याच सकाळी ताईला वॉर्डातून काढलं. निलंबित नाही, तसं काही लेखी नव्हतं. 'लोकांचा राग शांत होईपर्यंत' तिने तळघरात चादरींच्या भांडारात बसावं, असं ठरलं. तीस वर्षं माणसांच्या नाड्या मोजणारी बाई तिथे चादरी मोजायला बसली. तिच्या जागी दुसऱ्या वॉर्डातून एक परिचारिका आली. पहिली गोष्ट तिला करायला सांगितली ती ही, की ती पाटी आधी काढून टाका, रोज कुणी ना कुणी फोटो काढतंय. तिने काढली. नोंदवहीत सगळं होतं, पण नोंदवही उशाशी टांगत नाहीत.

डेस्कवर साहेब खुशीत होते. बाटल्यांचा फोटो पहिल्या पानावर, अर्ध्या पानाचा. "हेडिंग तुम्हीच द्या," ते कात्रीला म्हणाले. "परवाचं जबरदस्त होतं."

"साहेब, ह्यात त्या चार ओळी घालू द्या," तो म्हणाला. "हात जोडतो."

साहेबांनी क्षणभर विचार केला. "घाला," ते म्हणाले. "पण शेवटी."

त्याने शेवटी घातल्या. चारही ओळी, शब्दही न बदलता. साडेअकराला ताईचा फोन आला, ती भांडारात आहे म्हणून. तो ताबडतोब उठून रुग्णालयात धावला आणि खिशातला तो कागद तिला दाखवला, आज ह्या ओळी येतायत म्हणून. संध्याकाळी पेपर हातात आला तेव्हा बातमी बाटल्यांपाशीच संपत होती. तो दुसऱ्या दिवशी पान लावणाऱ्यावर धावून गेला. पान लावणारा गरीब माणूस, बारा वर्षं ह्याच्याच हाताखाली तयार झालेला. तो म्हणाला, "ऐनवेळी हवामानाची चौकट आली. जागा कुठे होती? शेपूट कापलं. तुम्हीच शिकवलंय ना?"

 कात्री खाली बसला.

आणि त्याच शुक्रवारी, भेटीच्या वेळेत, वॉर्डात एक बाई आली. पन्नाशीची, नीटनेटकी, हातात पिशवी. तिचं तिथे कुणीच नव्हतं. ती आजींना भेटायला आली होती. पेपरात वाचून, मनापासून हळहळून, दोन बस बदलून. आजींची मुलगी औषध आणायला खाली गेली होती. नवी परिचारिका दुसऱ्या टोकाला एकाचं इंजेक्शन भरत होती. उशाशी भिंत कोरी होती. बाईने पिशवीतून बाटली आणि चमचा काढला. घरून चमचा आणला होता तिने. आजींच्या मानेखाली हात घातला. आजींनी तोंड उघडलं. उघडणारच, तेरा दिवस त्या तेवढ्याचीच वाट बघत होत्या.

तिसऱ्या चमच्याला ठसका लागला. मग तो ठसका थांबेना, मग चेहरा काळानिळा पडायला लागला. बाई किंचाळली. नव्या परिचारिकेने धावत येऊन नळीने घशातलं पाणी ओढून काढलं, डॉक्टर आले, जीव वाचला. पण पाणी जायचं तिथे गेलं होतं. संध्याकाळी ताप चढला. आजींना अतिदक्षतेत हलवलं. ती पन्नाशीची बाई बराच वेळ जिन्यात बसून रडत होती आणि जो भेटेल त्याला सांगत होती, "मला काय माहीत हो? कुठेच लिहिलं नव्हतं."

हे त्याला आजींच्या मुलीने सांगितलं. शुक्रवारी संध्याकाळी तो अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर तिच्या शेजारी जाऊन बसला होता. मुलगी म्हणजे साठीला टेकलेली बाई, शिवणकाम करायची. मावसभावाचं, म्हणजे फोटो काढणाऱ्या त्या भाच्याचं, नाव काढलं की ती तोंड फिरवायची. "सात वर्षांनी आला," ती म्हणाली, "दहा मिनिटं बसला, आणि त्याला कळवळा आला. मी रोज इथे आहे. मला कुणी विचारलं का? एकाने तरी?" मग तिने त्याच्याकडे बघितलं. "तुम्ही त्या मोठ्या सिस्टरांचे भाऊ ना? त्यांना सांगा, आई काल त्यांनाच शोधत होती. नव्या सिस्टरांच्या हातून कापूस घेईना."

तो तिथून उठला आणि थेट साहेबांच्या घरी गेला. साहेबांनी दारातच ऐकून घेतलं. आता म्हातारी अतिदक्षतेत आहे म्हटल्यावर त्यांचाही चेहरा उतरला होता. "खुलासा नाही छापता येणार," ते म्हणाले. "छापला तर चूक कबूल केल्यासारखं होतं, वकील ओरडतील. तुम्ही असं करा, पत्र लिहा. वाचकांच्या पत्रांत टाकतो. तिथे काहीही चालतं."

शनिवारी सकाळी त्याने पत्र लिहिलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच तो कापत नव्हता, लिहीत होता, आणि त्याला कळलं की लिहिणं फार जड काम आहे. आजींना काय झालं होतं, पाटीवर दुसरी ओळ काय होती, नळी कशासाठी होती, सोमवारी काय ठरलं होतं, सगळं लिहिलं. शेवटाकडे लिहिलं, की ह्या ओळी रुग्णालयाने दडवल्या नाहीत, बातमीदारानेही नाहीत. त्या डेस्कवर कापल्या गेल्या. आणि मग अगदी शेवटी, वेगळी एक ओळ: 'त्या मी कापल्या.'

ती ओळ शेवटी ठेवण्यात त्याचा एक हिशेब होता, आणि तो काही फार शूर हिशेब नव्हता. ताई शेवटून वाचते. पेपर तिच्या हातात द्यायचा आणि गप्प उभं राहायचं. तिची नजर आधी त्याच ओळीवर पडेल. तोंडाने काही सांगावं लागणार नाही. ह्या माणसाने चार दिवस साहेबांशी भांडण काढलं, अधिकाऱ्यांशी काढलं, साऱ्या जगाशी काढलं, पण समोरच्या दारातल्या बाईला दोन शब्द सांगायचं काम त्याने छापखान्याकडे सोपवलं होतं.

पत्र पानात लावून तो अकरालाच रुग्णालयात गेला. आजींचा ताप उतरलेला नव्हता. गिळायच्या सरावाचं विचारलं तर डॉक्टरांनी नुसती मान हलवली. आता ते सगळं पुन्हा पहिल्यापासून, तेही आजी ह्यातून निघाल्या तर.

चारला त्याने ताजा अंक घेतला आणि न उघडता तसाच ताईकडे नेला. ताईने चष्मा लावला, पत्रांचं पान काढलं आणि बोट पत्राच्या तळाशी ठेवलं. तो फरशीकडे बघत उभा राहिला. फरशीचा एक तुकडा कोपऱ्यात उडालेला होता. हा कधीपासून उडालाय, ह्याचा तो विचार करत होता.

ताईचं बोट हळूहळू वर सरकत पत्राच्या माथ्यापर्यंत गेलं.

"चांगलं लिहिलंयस," ती म्हणाली. "सगळं आलंय. आजींच्या मुलीला दाखवायला हवं." मग तिने चष्मा काढला. "फक्त कुणी कापलं ते राहिलंच."

त्याने तिच्या हातातून पेपर घेतला. पत्र 'त्या डेस्कवर कापल्या गेल्या' इथे संपत होतं. त्याखाली लगेच त्याचं नाव आणि हुद्दा. खिशातला फोन काढला तर पान लावणाऱ्याचा अकरा त्रेपन्नचा निरोप होता: 'पत्र एक ओळ जास्त होत होतं. शेपटाची काढली. अर्थाला धक्का नाही.'

अर्थाला धक्का नाही. हे वाक्यही त्याचंच होतं. बारा वर्षांपूर्वी त्यानेच त्या माणसाला शिकवलं होतं.

"ताई," तो म्हणाला, "मी."

"काय मी?"

"मी कापल्या. मंगळवारी. पाटीचा फोटोही मीच कापला. तडफड मी लिहिलं."

ताई उठली. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता, तो बंद करून आली. पुन्हा बसली. तिच्या चेहऱ्यावर राग शोधत तो उभा राहिला, कारण राग असता तर बरं झालं असतं.

"वाचून कापल्यास," तिने विचारलं, "की न वाचता?"

"न वाचता."

"आणि चार दिवस मी रोज विचारत होते, तेव्हा कुणीतरी म्हणालास."

"हो."

ताईने त्याच्या हातातून पेपर परत घेतला आणि मांडीवर ठेवून त्याच्या कडा सरळ केल्या. भांडारात दोन दिवस चादरींच्या घड्या घातल्या होत्या, हाताला तीच सवय लागली असावी.

"तो कागद आहे ना अजून खिशात?" ती म्हणाली. "काढ. आता वाच. मोठ्याने वाच, मला ऐकू येईल असं. आणि शेवटून वाच."

त्याने कागद काढला. बुधवारपासून घड्यांवर झिजून तो फाटायला आला होता. ओळी त्याला पाठ होत्या, तरी त्याने त्या डोळ्यांपुढे धरल्या आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"सोमवारी," त्याने वाचलं, आणि थांबला. ताई वाट बघत बसली. त्याने तीच ओळ पुन्हा सुरू केली.

"सोमवारी आजींना पहिला चमचा पाणी देणार आहोत."